रीबेस की मर्ज? आधी बघा, त्या कमिटवर अजून कोण उभं आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर, काम करणारी सहा जणांची टीम आहे. तुम्ही आणि तुमचा एक सहकारी एकाच फीचर ब्रँचवर, म्हणजे नव्या कामासाठी काढलेल्या वेगळ्या शाखेवर, काम करता. तुम्ही संध्याकाळी दोन कमिट्स (कामाच्या नोंदी) पुश करून, म्हणजे सर्व्हरवर पाठवून, घरी गेलात. सकाळी सहकाऱ्याने त्याच्याकडची ब्रँच ताज्या मेनवर (मुख्य ब्रँचवर) रीबेस केली, म्हणजे तिच्यातले बदल मेनच्या टोकावर पुन्हा लावले; पुश नाकारला गेला म्हणून फोर्स पुश केला, म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रँचच्या जागी जबरदस्तीने आपली बसवली. तुम्ही आल्यावर रोजच्यासारखं पुल केलं, म्हणजे सर्व्हरवरचं ओढून घेतलं. कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) नाही, एरर नाही. अर्ध्या तासाने लक्षात आलं की कालचं काम सर्व्हरवर नाही आणि तुमच्या मशीनवरही नाही. आता टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो रीबेसवर बंदी घाला. दुसरा म्हणतो इतिहास सरळ रेषेतच हवा, मर्ज कमिट्स (दोन ब्रँचेस जोडणाऱ्या कमिट्स) नकोत. बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

वाद थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी काम परत मिळवू. ते गेलेलं नाही. तुमच्या मशीनवर त्या ब्रँचमध्ये ‘गिट रीफ्लॉग’ चालवा. तुमचं हेड (तुम्ही सध्या कोणत्या कमिटवर आहात ती खूण) कुठून कुठे गेलं याची ती नोंदवही आहे. सकाळच्या पुलच्या ओळी वर दिसतील, त्यांच्या लगेच खाली तुमची कालची शेवटची कमिट असेल. तिचा हॅश (ओळखीचा कोड) घ्या आणि ‘गिट ब्रँच वाचवलेलं-काम’ असं लिहून पुढे तो हॅश द्या. ब्रँचचं नाव लागलं की ती कमिट सुरक्षित. मग फीचर ब्रँचवर उभं राहून त्या दोन्ही कमिट्स चेरी-पिक करा, म्हणजे उचलून तिथे पुन्हा लावा. घाई करायची गरज नाही, पण आजच करा: कुठल्याही ब्रँचवरून पोचता येत नाही अशा कमिटची नोंद रीफ्लॉगमध्ये डीफॉल्टने ३० दिवस राहते, बाकीच्या नोंदी ९० दिवस. आणि तुमच्या मशीनवर काही गडबड झालीच, तर सहकाऱ्याच्या मशीनवर ‘ओरिजिन’च्या (सर्व्हरला गिट देतं ते नाव) त्या ब्रँचचा रीफ्लॉग बघा. रीबेस करण्याआधी त्याने फेच केलं असेल, म्हणजे सर्व्हरवरचं नवं आपल्या ब्रँचमध्ये न मिसळता आणलं असेल, तर तुमच्या कमिट्स त्याच्याकडेही उतरलेल्या असणार.

आता हे झालं कसं ते नीट बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

कमिट म्हणजे फाइलींमधला फरक, असं आपण बोलताना म्हणतो. गिट तसं साठवत नाही. कमिटमध्ये त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींचं चित्र, आधीच्या कमिटचा हॅश म्हणजे पॅरेंट, लेखकाचं नाव आणि वेळ, कमिट करणाऱ्याचं नाव आणि वेळ, आणि संदेश एवढं असतं. या सगळ्यावरून तो ४० अक्षरांचा हॅश निघतो. पॅरेंट बदलला की हॅश बदलला. म्हणून ‘रीबेस केल्याने माझ्या कमिट्स मेनच्या पुढे सरकल्या’ हे म्हणायला सोपं असलं तरी सरकत काहीच नाही. गिट प्रत्येक कमिटमधला बदल नव्या जागी पुन्हा लावतं आणि नवी कमिट बनवतं. जुनी आहे तिथेच राहते, फक्त ब्रँचचं नाव तिच्यावरून उचलून नव्या कमिटवर ठेवलं जातं. रीबेस केलेल्या ब्रँचवर ‘गिट लॉग --फॉरमॅट=फुलर’ चालवून बघा. लेखकाची तारीख गेल्या मंगळवारची आणि कमिटरची तारीख आज सकाळची, असं एकाच कमिटमध्ये दिसेल. ती कमिट खरी आज सकाळी जन्मलेली आहे.

तुमची ब्रँच मेनवरच्या ख या कमिटपासून निघाली असं धरा. तिच्यावर आधी प आणि फ होत्या, त्या दोघांकडेही होत्या. तुम्ही त्यांच्यावर ब आणि भ केल्या आणि पुश केल्या. दरम्यान मेनवर ग आली. सहकाऱ्याची लोकल ब्रँच अजून फ वरच होती. त्याने ती ग वर रीबेस केली, म्हणजे प आणि फ यांच्या नव्या प्रती तयार झाल्या, आणि सर्व्हरवरच्या ब्रँचचं नाव ओढून नव्या फ वर नेलं. ब आणि भ मागे राहिल्या. इथपर्यंतचं तुम्ही ओळखलं असेलच.

पण मग तुमच्या लोकल ब्रँचवरून त्या का गेल्या? पुल करताना मर्ज झालं असतं तर त्या टिकल्या असत्या. प आणि फ दोनदोनदा दिसल्या असत्या, इतिहास विचित्र झाला असता, पण काम राहिलं असतं. तुमच्याकडे ‘पुल.रीबेस’ (पुल करताना मर्जऐवजी रीबेस) हे सेटिंग चालू असणार, कारण तुम्ही सांगितलेली लक्षणं तंतोतंत जुळतात. ‘पुल --रीबेस’ करताना गिट विचारतं, यातलं तुमचं स्वतःचं, अजून वर न गेलेलं काम कोणतं? ते ठरवायला गिट तुमच्याच मशीनवरचा, ‘ओरिजिन’च्या त्या ब्रँचचा रीफ्लॉग बघतं. ब आणि भ काल तिथे होत्या, तुम्हीच पुश केल्या होत्या. आज त्या तिथे नाहीत. यातून गिट निष्कर्ष काढतं की या सर्व्हरच्या कमिट्स होत्या आणि कोणीतरी त्या मुद्दाम काढल्या. मग पुन्हा लावण्यासारखं तुमचं असं काहीच उरत नाही, आणि तुमची ब्रँच निमूटपणे नव्या फ वर जाऊन बसते. कॉन्फ्लिक्ट येईलच कसा? याला फोर्क-पॉइंट म्हणतात. एरवी ही सोय फार उपयोगाची आहे, कारण सर्व्हरवर कोणी प, फ यांच्या जागी सुधारित प्रती ठेवल्या तर जुन्या प्रती तुमच्याकडून पुन्हा वर जात नाहीत. तुमच्या बाबतीत तिला मिळालेली माहितीच चुकीची होती.

फोर्स पुशच्या जागी ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरलं असतं तर वाचलं असतं का? अनेक जण हेच उत्तर देतील, आणि मी स्वतः साधा ‘--फोर्स’ कधीच वापरत नाही. पण तुमच्या प्रसंगात लीजनेही कदाचित वाचवलं नसतं. लीज एवढंच तपासते की सर्व्हरवरची ब्रँच माझ्याकडच्या ‘ओरिजिन’च्या नोंदीशी जुळते का. सहकाऱ्याने मेन ताजी करायला ‘गिट फेच’ केलं, त्याच फेचने तुमच्या ब, भ ची नोंदही त्याच्याकडे आली. त्याने ती पाहिली नाही, पण गिटच्या लेखी त्याला माहीत होतं. कित्येक एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करतात, तिथे तर ही लीज जवळजवळ निरर्थक होते. यावर उपाय म्हणून २.३० आवृत्तीपासून ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ आहे. सर्व्हरवर जे आहे ते तुमच्या लोकल ब्रँचमध्ये कधीतरी खरोखर आलं होतं का, हे तो बघतो. एकटा दिला तर तो काही करत नाही, लीजच्या जोडीने द्यावा लागतो. ‘पुश.यूजफोर्सइफइन्क्लूड्स’ हे सेटिंग सहाही जणांच्या मशीनवर लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मूळ वाद. रीबेस चांगलं की मर्ज चांगलं, असा प्रश्न घेऊन बसलात तर तुमची टीम वर्षभर भांडेल, कारण दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. मी प्रश्न असा विचारते: ज्या कमिट्स तुम्ही बदलून नव्या करणार आहात, त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचं काम उभं आहे का? नसेल तर मनसोक्त रीबेस करा. असेल तर करू नका, किंवा त्या माणसाशी आधी बोला. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांत रीबेसिंग आणि मर्जिंगवर स्वतंत्र पान आहे, तिथला पहिला आग्रह हाच आहे: इतरांसमोर आलेला इतिहास सहसा बदलू नका. त्याच पानावर दुसऱ्या बाजूलाही समज दिली आहे. ठोस कारण नसताना मधेच कधीही मुख्य झाड आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करत बसू नका, असंही तिथे म्हटलंय. गिट २००५ मध्ये ज्या प्रकल्पासाठी जन्माला आलं तिथेही दोन्ही हत्यारं वापरतात, फक्त कुठे कोणतं हे ठरलेलं आहे.

‘पुश केलं की हात लावायचा नाही’ असा सोपा नियम बरेच जण सांगतात. मला तो पुरेसा वाटत नाही. मी रोज संध्याकाळी माझी अर्धवट ब्रँच पुश करते, निव्वळ लॅपटॉप बिघडला तर काम राहावं म्हणून. तिच्यावर दुसरं कोणी काम करत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सकाळी तीच ब्रँच रीबेस करायला मला काहीच अडचण नसते. उलट, कधीकधी न पुश केलेली कमिटही सहकाऱ्याने थेट माझ्या मशीनवरून ओढून घेतलेली असते. म्हणजे पुश ही खूण आहे, सीमा नाही. ब्रँच कोणाची, हे टीमला माहीत असणं महत्त्वाचं. आम्ही ब्रँचच्या नावाच्या सुरुवातीला माणसाचं नाव घालतो. ज्या ब्रँचवर नाव आहे ती त्या माणसाची, तो तिचं काहीही करेल, तिच्यावर आपलं काम बांधायचं असेल तर त्याला सांगून बांधा. ज्या ब्रँचवर नाव नाही ती सगळ्यांची, तिथे फोर्स पुश नाही.

मग तुमच्यासारखे दोघं जण एकाच फीचरवर असतील तर? माझ्या अनुभवात दोन पद्धती टिकतात. पहिली, ब्रँच सामायिक माना. पुल करताना रीबेस चालेल, कारण त्याने फक्त तुमच्या अजून वर न गेलेल्या कमिट्स नव्या होतात. मेनमधलं काही हवं असेल तर मेन त्या ब्रँचमध्ये मर्ज करा, आणि तेही खरंच हवं असेल तेव्हाच. रोज सकाळी सवय म्हणून मेन मर्ज करत राहिलात तर ‘मेन मर्ज केली’ अशा वीस कमिट्स होतात आणि रिव्ह्यू करणाऱ्याला तुमचं काम कोणतं हेच दिसेनासं होतं. दुसरी पद्धत, सामायिक ब्रँचपासून दोघांनी आपापली छोटी ब्रँच काढायची, तिच्यावर हवं ते करायचं आणि एक-दोन दिवसांत परत आणायची. माझा कल दुसरीकडे आहे. पण तुम्ही शेजारी बसून दिवसभर एकमेकांशी बोलत काम करत असाल, तर पहिली जास्त सोपी पडेल.

एक प्रसंग सांगते, कारण माझं मत त्यातून पक्कं झालं. काही वर्षांपूर्वी एका टीममध्ये रिलीज ब्रँचवर तातडीच्या दुरुस्त्यांची गर्दी झाली होती. ‘टायपो’, ‘परत टायपो’, ‘लॉग काढला’ असल्या कमिट्स. मी ती ब्रँच इंटरॅक्टिव्ह रीबेस करून (कमिट्स एकेक निवडून जोडत, गाळत) स्वच्छ केली आणि फोर्स पुश केली. कोणी त्या ब्रँचवर काम करत नव्हतं, हे मी विचारून घेतलं होतं. तीन आठवड्यांनी एका ग्राहकाकडून क्रॅशचा रिपोर्ट आला. आमच्या बिल्डच्या आवृत्तीत कमिटचा हॅश छापलेला असायचा. तो हॅश घेऊन शोधलं तर ताज्या क्लोनमध्ये (सर्व्हरवरून घेतलेल्या नव्या प्रतीत) ती कमिटच नाही. त्यांच्याकडे चालणारा कोड नेमका कोणता हे आम्हाला सांगता येईना. शेवटी एका सहकाऱ्याच्या जुन्या क्लोनमध्ये ती सापडली, त्यात अख्खी दुपार गेली. त्या कमिटवर माणूस कोणी उभा नव्हता, पण एक बिल्ड उभा होता. तेव्हापासून ‘कोण उभं आहे’ या प्रश्नात मी टॅग, बिल्ड, डिप्लॉय, दुसऱ्या ब्रँचेस, रिव्ह्यूतल्या कमेंट्स हे सगळं धरते. रिलीज ब्रँच कितीही अस्ताव्यस्त दिसली तरी तिला हात लावत नाही.

सरळ रेषेचा आग्रह धरणाऱ्यांचा मुद्दाही मी गांभीर्याने घेते. महिन्यांनी दोष शोधताना वाचता येण्यासारखा इतिहास हातात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. ‘गिट बायसेक्ट’ हजार कमिट्समधून साधारण दहा पायऱ्यांत दोषी कमिट काढून देतं. पण अट अशी की मधली प्रत्येक कमिट निदान बिल्ड व्हायला हवी. आणि इथे रीबेसची एक अडचण आहे जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तुम्ही आठ कमिट्स लिहिल्या, प्रत्येक वेळी टेस्ट चालवल्या. मग त्या मेनवर रीबेस केल्या. मेनवर दरम्यान कोणीतरी एका फंक्शनचं नाव बदललेलं. तुम्ही शेवटच्या कमिटमध्ये ते दुरुस्त केलं, सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवं झालं. पण मधल्या सात कमिट्स? त्या नव्या रूपात कोणीच कधी चालवलेल्या नाहीत, आणि त्या मोडलेल्या आहेत. रेषा सरळ दिसते, पण बायसेक्ट तिथे पोचलं की अडकतं. म्हणून रीबेस करणार असाल तर ‘--एक्झेक’ देऊन प्रत्येक कमिटवर बिल्ड आणि टेस्ट चालवा. टेस्टना पाऊण तास लागत असेल तर निदान कंपाइल तरी करा.

मर्जमध्ये ही अडचण येत नाही, कारण ज्या कमिट्स तुम्ही तपासल्या त्या तशाच राहतात. नवं आणि न तपासलेलं असं फक्त मर्ज कमिटचं टोक असतं. आणि मर्ज म्हणजे जाळं, ते वाचता येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा ‘गिट लॉग --फर्स्ट-पॅरेंट’ माहीत नसल्यामुळे असते. मेनवर प्रत्येक फीचर ‘--नो-एफएफ’ने (हा पर्याय दर वेळी मर्ज कमिट बनवतो) मर्ज होत असेल तर हा लॉग एका फीचरला एक ओळ दाखवतो, सरळ रेषेत. तपशील हवा तर त्या मर्जच्या आत शिरायचं. २.२९ पासून बायसेक्टलाही ‘--फर्स्ट-पॅरेंट’ देता येतं.

मर्जला स्वतःची अडचण नाही असं मात्र नाही. मर्ज रिव्हर्ट करायची, म्हणजे त्याचे बदल उलटवायची, वेळ आली की ‘-एम १’ देऊन मुख्य पॅरेंट कोणता ते सांगावं लागतं, आणि पुढे तीच ब्रँच दुरुस्त करून परत मर्ज केली तर जुने बदल येतच नाहीत, फक्त नव्या कमिट्स येतात. गिटच्या लेखी जुने बदल आधीच मर्ज झालेले असतात. आधी तो रिव्हर्टच रिव्हर्ट करावा लागतो. यात लोक इतके अडकतात की गिटच्या दस्तऐवजांत लिनस टोरव्हाल्ड्स यांचं यावरचं एक स्पष्टीकरण वेगळं जपून ठेवलंय.

रीबेस करताना तोच कॉन्फ्लिक्ट परत परत सोडवावा लागतो, हेही तुम्ही लिहिलं होतंत. पंधरा कमिट्स एकाच फाइलला हात लावत असतील तर तसंच होणार, कारण प्रत्येक कमिट वेगळी लावली जाते. ‘रीरीरी’ चालू करा, म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं. शिवाय मेनवर नेण्याआधी ब्रँचमधल्या किरकोळ दुरुस्त्या मूळ कमिट्समध्ये मिसळून घ्या; पंधराच्या चार झाल्या की त्रासही तेवढा कमी होतो. आणि एक नक्की लक्षात ठेवा: रीबेसमध्ये ‘अवर्स’ आणि ‘दीअर्स’ उलटे असतात. तुम्ही मेनवर उभे राहून स्वतःच्या कमिट्स लावत असता, त्यामुळे ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि ‘दीअर्स’ म्हणजे तुमचं काम. घाईत ‘अवर्स’ निवडून स्वतःचंच काम पुसलेले लोक मी पाहिले आहेत.

स्क्वॉशबद्दल, म्हणजे अनेक कमिट्सची मिळून एक करण्याबद्दल, थोडंच. एका दिवसाची, एका माणसाची, एकाच मुद्द्याची ब्रँच असेल तर स्क्वॉश करून मेनवर एक कमिट करणं मला आवडतं. तीन आठवड्यांचं काम स्क्वॉश केलं तर दोन हजार ओळींची एक कमिट होते, आणि बायसेक्टने तिच्याकडे बोट दाखवलं तरी उपयोग फारसा नसतो. एका ब्रँचवर दुसरी ब्रँच रचलेली असेल तर खालची स्क्वॉश झाल्यावर वरचीला ‘रीबेस --ऑन्टो’ करावं लागेल, नाहीतर आधीच मेनवर असलेल्या बदलांशीच कॉन्फ्लिक्ट येतील.

तुमच्या सहा जणांसाठी मी असं सुचवेन. मेन आणि रिलीज ब्रँचेसवर सर्व्हरनेच फोर्स पुश नाकारावा; गिटहब आणि गिटलॅबवर संरक्षित ब्रँचची सोय आहे, स्वतःचा सर्व्हर असेल तर ‘रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स’ आहे, फक्त ते लावलं की त्या रिपॉझिटरीतल्या सगळ्याच ब्रँचेसना लागू होतं. स्वतःच्या नावाच्या ब्रँचवर रिव्ह्यू सुरू होईपर्यंत हवं तितकं रीबेस. रिव्ह्यू सुरू झाला की दुरुस्त्या नव्या कमिट्स म्हणून वर घाला, म्हणजे वाचणाऱ्याला मागच्या वेळेपासून काय बदललं ते दिसतं. मंजुरी मिळाल्यावर शेवटी एकदा आवरून घ्या. तेव्हा ‘गिट रेंज-डिफ’ने आधीची आणि नंतरची मालिका शेजारी ठेवून बघा, आवरताना काही सांडलं असेल तर तिथे कळतं. आणि मेनमध्ये ‘--नो-एफएफ’ने मर्ज. टीम साठ जणांची असती, किंवा दिवसाला तीस वेळा डिप्लॉय होत असता, तर कदाचित मी छोट्या ब्रँचेस आणि सरसकट स्क्वॉश सुचवलं असतं. तुमचा रिलीज किती दिवसांनी असतो आणि जुन्या आवृत्त्या सांभाळाव्या लागतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळवलंत तर यातलं काय बदलेल ते सांगते.

सहकाऱ्याशी बोलताना हे उत्तर वाद जिंकायला दाखवू नका. त्याने नाकारलेला पुश दामटला, हे खरं. पण पुश का नाकारला गेला हे गिटच्या त्या संदेशावरून नवख्याला समजत नाही, आणि तुमच्या मशीनवर फोर्क-पॉइंटने काय केलं हे तर त्याला दिसूही शकत नव्हतं. दोघांनी एका रिकाम्या रिपॉझिटरीत प, फ, ब, भ अशा चार कमिट्स करून हा सगळा प्रकार पुन्हा घडवून बघा. वीस मिनिटं लागतील. रीफ्लॉगमधून भ परत काढण्याचं काम त्याला करू द्या.